पाठांतर आणि पाडांतरम्

मागच्या अंकात आपला भैरव आणि दक्षिणेतला मायामालवगौळ या रागांवर सहज चार ओळी लिहिल्या, तर कर्नाटक संगीत शिकणाऱ्या मराठी माणसांची पत्रं येऊ लागली. इतकी मंडळी तिकडे वळली आहेत याची मला कल्पना नव्हती. गाऱ्हाणं बहुतेकांचं एकच आहे: लिहून शिकायचं की कानानं? त्यातली चार पत्रं घेते.

ताई, नमस्कार. माझं वय ५२. लहानपणी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या. गेल्या वर्षापासून चेन्नईच्या एका बाईंकडे ऑनलाइन कर्नाटक संगीत शिकते आहे. त्या स्वरलिपी देत नाहीत. एक ओळ त्या गातात, मग मी गाते, असं चाळीस मिनिटं चालतं. तास संपून दहा मिनिटं झाली की अर्धं विसरलेलं असतं. म्हणून मी त्याच कृतीचं, म्हणजे तिकडच्या बंदिशीचं, नोटेशन दुसरीकडून मिळवलं, चार दिवस घोटलं आणि गाऊन दाखवलं. बाईंनी विचारलं, "हे कुठून आणलंत?" आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पन्नाशीनंतर कानानंच शिकायची सक्ती कशाला? लिहून घेण्यात पाप काय आहे?
*– एक वाचक, नाशिक*

पाप काही नाही. मी स्वतः वही घेऊनच गेले होते. त्या वहीचं काय झालं ते आधी सांगते.

१९८४ साली बँकेनं माझी बदली मद्रासला केली. मयिलापूरला, कपालीश्वराच्या देवळामागच्या एका गल्लीत घर मिळालं. समोरच्याच घरात गाणं शिकवणाऱ्या मामी राहायच्या. तिकडे त्या वयाच्या बाईला सगळेच मामी म्हणतात, पण परक्या गावात मला ती हाक फार जवळची वाटली. मीही तुमच्यासारखीच, मध्यमा पूर्ण, भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांवर वाढलेली. पहिल्या दिवशी दोनशे पानी वही आणि दोन रंगांची पेनं घेऊन गेले. मामींनी वही हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि उठून फ्रिजवर ठेवून दिली. पुढचे चार महिने ती तिथेच होती. मधून मधून तिच्यावर भाजीची पिशवी दिसायची.

सकाळी साडेसहाला शिकवणी. दारातलं कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, अजून ओलं असायचं. मामींचा डावा हात श्रुतिपेटीच्या भात्यावर, उजवा मांडीवर ताल धरायला. सुरुवात सगळ्यांची होते तिथूनच, सरळी वरिसै: मायामालवगौळात स रि ग म प ध नि स, एक काळ, दुप्पट, चौपट. मग जंट वरिसै, म्हणजे प्रत्येक स्वर जोडीनं. मग सात तालांतले अलंकार, मग मलहरीतलं पहिलं गीतम्. हा सगळा अभ्यासक्रम सोळाव्या शतकातल्या पुरंदरदासांनी घालून दिला असं मानतात. मला मनातून वाटत होतं की हे तर भैरवाचे पलटे, यासाठी वही नको हे ठीकच आहे. आणि खरंच, इथपर्यंतचं बरंचसं संगीत कागदावर मावतं. माणूस फसतो तो इथेच. पहिलं वर्षभर स्वरलिपी आपल्याला दगा देत नाही, म्हणून आपला तिच्यावर विश्वास बसतो.

मग आलं वर्णम्, म्हणजे रागाची वळणं गळ्यावर चढवणारी रचना. मोहनम् रागातलं 'निन्नुकोरि'. मोहनमचे स्वर म्हणजे आपला भूप: सा, रे, ग, प, ध. पहिली ओळ मी ऐकली आणि ऐटीत गाऊन दाखवली. मामी म्हणाल्या, "भूप छान आहे. आता मोहनम् गा." स्वर एकही चुकला नव्हता. पण रि आणि ध मी आपल्या पद्धतीनं उभे ठेवले होते, तिकडे त्यांना हेलकावा हवा. तो किती, कुठून सुरू होऊन कुठे थांबायचा, दुप्पट लयीत त्यातला किती टाकून द्यायचा, हे त्या एकाच ओळीसाठी नऊ दिवस चाललं. "इन्नोरु तडवै," म्हणजे 'आणखी एकदा'. माझ्या तमिळची सुरुवात या दोन शब्दांनी झाली.

तोडीपाशी तर कळस होतो. त्यांची तोडी म्हणजे स्वरांच्या हिशेबानं आपली भैरवी. आपली तोडी तिकडे शुभपंतुवराळी होते, तो घोळ आज राहू दे. आपल्या भैरवीतला कोमल गंधार पेटीवरच्या एका पट्टीवर जाऊन बसतो. त्यांच्या तोडीतला गंधार बसतच नाही. तो रिषभाच्या जवळून निघतो, मध्यमाकडे झेपावतो, परत येतो, पुन्हा जातो, आणि या जाण्यायेण्यालाच 'ग' म्हणतात. तोंडानं 'ग' म्हटलं जातं, गळा मात्र त्या जागी क्षणभरच असतो. पहिल्यांदा कचेरीत, म्हणजे तिकडच्या मैफलीत, तोडी ऐकली तेव्हा मला गायिका चक्क बेसूर वाटली होती. शेजारी बसलेले आजोबा डोळे मिटून मान डोलावत होते, त्यांच्याकडे मी दयेनं पाहिलं होतं. आता हा 'ग' कागदावर कसा दिसतो? 'ग' आणि पुढे एक स्वल्पविराम. 'ग' ची एक मात्रा, स्वल्पविरामाची एक. बस्स. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईनं हा कागद पाहिला की गळ्यातून भैरवीचा गंधार निघणार, आणि बाई विचारणार, "हे कुठून आणलंत?"

आपल्याला आणखी एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडले आहे. सातव्या महिन्यात मी मामींना न सांगता देवनागरीतलं एक पुस्तक विकत घेतलं आणि आरभी रागातली छोटी कृती घरी बसवली. चकित करायचं होतं. त्या पुस्तकात काही स्वरांखाली आडव्या रेघा होत्या. भातखंडे पद्धतीत स्वराखाली रेघ म्हणजे कोमल, हे आपल्या हाडीमांसी खिळलेलं. तिकडच्या लिपीत स्वरांवर किंवा स्वरांखाली ओढलेली रेघ म्हणजे दुप्पट गती. कोमल-तीव्र दाखवायला खूणच नसते. वर रागाचं नाव आणि आरोह-अवरोह दिला की कोणता रि, कोणता ध, हे तुम्हाला ठाऊक असणार, असं लिहिणारा धरून चालतो. आरभीत कोमल स्वर औषधालाही नाही. मी मात्र ओळीच्या ओळी कोमल स्वरांत गायले, त्याही संथ. मामींनी राग विचारला. मी "आरभी" म्हटलं. त्या काही न बोलता कॉफी आणायला आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं आल्या.

तर मामींनी वही का काढून घेतली, हे मला हळूहळू समजलं. तिकडची स्वरलिपी लिहिली आहे ती ज्याला गाणं येतं त्याच्यासाठी. वाण्याच्या यादीत 'डाळ' लिहिलेलं असतं, कोणती आणि किती ते घरच्यालाच माहीत, तसं.

पुढे वही परत मिळाली. नियम असा की कृती पूर्ण गळ्यावर चढली की शेवटच्या दिवशी मामी स्वर सांगणार आणि मी लिहिणार. त्या ओळ हळू गात, स्वरांची नावं घेत जायच्या. एक दिवस मी पाहिलं की मंगळवारी जिथे 'ग' सांगितला होता तिथे शुक्रवारी 'म ग' सांगताहेत. विचारलं तर म्हणाल्या, "दोन्ही एकच. गाऊन बघ." गाऊन पाहिलं. खरंच एकच होतं.

तिकडे एक शब्द सतत कानावर पडतो, पाडांतरम्. "हे आमचं पाडांतरम् नाही," "पाडांतरम् स्वच्छ आहे," असं. शब्द आपलाच, संस्कृतातला पाठांतर. आपण त्याचा अर्थ घोकून तोंडपाठ करणं असा करून टाकला. तिकडे पाडांतरम् म्हणजे एखादी कृती अमुक गुरूकडून ज्या रूपात हाती आली ते रूप, त्यातल्या संगतींसकट, म्हणजे एकाच ओळीच्या चढत जाणाऱ्या आवृत्त्यांसकट. तुम्ही दुसरीकडून आणलेलं नोटेशन कदाचित अगदी शुद्ध असेल, पण ते दुसऱ्या कुणाचं पाडांतरम् असणार. तुमच्या बाईंना खटकलं ते हे. आपल्याकडे किराणा घराण्याच्या गुरूसमोर जयपूर घराण्याची चीज म्हटली तर काय होईल?

आता उपाय. तुम्ही बावन्नच्या आहात, नऊ वर्षांच्या नाही, तेव्हा लाजू नका. बाईंना विनंती करा की एका तासाला दोनच ओळी द्या. तास संपल्यावर फोनला हात न लावता दहा मिनिटं घरातल्या घरात फेऱ्या मारत त्याच दोन ओळी गा. विसरतो आपण याच दहा मिनिटांत. तिसऱ्या दिवशी लिहायला बसा, पण दुसऱ्याच्या कागदावरून उतरवू नका, स्वतःच्या गळ्यातून काढून लिहा. आधी शब्द लिहा, त्यांच्यावर तालाच्या खुणा करा. आदि तालाच्या आठ मात्रा ४, २, २ अशा तोडा आणि शब्द समेवर सुरू होतो की अर्धी मात्रा सोडून, ते नीट टिपा. हा हिशेब आहे, आणि हिशेबाला कागदच बरा. स्वर त्याखाली. हेलकाव्यांसाठी स्वतःच्या खुणा करा. तोडीच्या 'ग' वर मी अजून एक छोटा झोपाळा काढते. बाईंसमोर मात्र वही मिटलेली.

देवनागरीतच लिहा. शब्द तेलुगू, शिकवणारी तमिळ, शिकणारी मराठी अशी आपली खिचडी असते, पण लिपीच्या बाबतीत आपण नशीबवान. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर असल्यामुळे तिथल्या गाण्याच्या पुस्तकांत अक्षरापुढे बारीक २, ३, ४ असे आकडे घालावे लागतात. आपल्याकडे ती अडचण नाही, वर ळ सुद्धा आहे. फक्त तेलुगूत ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, त्यांच्यावर काहीतरी खूण करून ठेवा.

आणि तुमच्या बाई सोळा आणे बरोबर आहेत असंही मी म्हणणार नाही. कृती पूर्ण झाल्यावरही स्वर सांगायला नकार देणारे गुरू मी पाहिले आहेत. त्यात परंपरेपेक्षा, शिष्य आपल्या दारात अडकून राहावा ही इच्छा जास्त असते. कृती संपली की मागा. दिले नाहीत तर पुन्हा मागा.

माझी नात अकरा वर्षांची, न्यू जर्सीत असते. तिथे कर्नाटक संगीत शिकते. समोर टॅब्लेट ठेवून इंग्रजी अक्षरांतलं नोटेशन वाचत गाते. सूर बरोबर असतात, पण ऐकताना पाढे म्हटल्यासारखं वाटतं. मी अभंग आणि भावगीतांच्या पलीकडे काही गायलेली नाही. मी काय सांगणार तिला?
*– एक आजी, कोथरूड*

तुमचे कान बरोबर सांगताहेत, आणि त्यांना पदवी लागत नाही.

दूरच्या शिकवणीत आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे गुरू आणि शिष्य एकत्र गाऊ शकत नाहीत. मामींकडे निम्मं शिक्षण व्हायचं ते त्यांच्या आवाजाला माझा आवाज चिकटवून गाण्यात. त्यांचा हेलकावा मला आपोआप ओढून न्यायचा. नातीला ते मिळत नसेल, म्हणून ती टॅब्लेटला चिकटते. तिला रागावू नका.

दोन गोष्टी करा. ती शिकते आहे तीच कृती एका गायिकेच्या आवाजात शोधायला सांगा. एकाच गायिकेच्या. पाच जणींच्या नको, पाडांतरांचा गोंधळ होतो. ती घरात पंधरा दिवस लावून ठेवायची, सकाळी दूध पिताना, दप्तर भरताना, लक्ष न देता. दुसरी गोष्ट, रविवारी फोनवर तिनं तुम्हाला दोन ओळी ऐकवायच्या, टॅब्लेट पालथा घालून, दोन्ही हात तालाला. करंगळी, अनामिका, मधलं बोट असं मोजताना हात गुंतले की मुलांचे डोळे आपसूक मिटतात. तुम्ही एवढंच म्हणायचं, "पुन्हा म्हण." मामींनी मला जे शिकवलं त्यातलं निम्मं या दोन शब्दांत होतं.

तिकडच्या मुलांविषयी उगाच हळहळू नका. अमेरिकेत क्लीव्हलंडला १९७८ पासून त्यागराज आराधना, म्हणजे थोर रचनाकार त्यागराज यांच्या स्मरणाचा उत्सव, भरते आणि तिथे मुलं त्यांच्या पाच पंचरत्न कृती मोठ्यांबरोबर गातात. तंजावरजवळच्या तिरुवैयारूला, जिथे त्यागराजांची समाधी आहे, पुष्य बहुल पंचमीला, म्हणजे आपल्या पौष वद्य पंचमीला, शेकडो गायक-वादक मांडीला मांडी लावून याच पाच कृती एकसुरात गातात. सगळे वेगवेगळ्या परंपरांचे. अशा ठिकाणी ठरलेला पाठ लागतोच, नाहीतर तिसऱ्या संगतीला बाजार भरेल. तेव्हा नातीचा टॅब्लेट अगदीच वाया गेलेला नाही.

या पाचांतली एक कृती वराळी रागात आहे. वराळी समोर बसवून शिकवला तर गुरुशिष्यांत वितुष्ट येतं, अशी तिकडे जुनी समजूत. मामी एरवी अशा गोष्टींना हसायच्या, पण वराळीच्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन गायल्या आणि मी बाहेरच्या खोलीत ऐकत बसले. मध्ये सांबाराची फोडणीही झाली. कुणी काही शिकवलं नाही, कुणी काही शिकलं नाही, आणि तीन आठवड्यांत कृती बसली.

तुम्ही मौखिक परंपरेचं कौतुक करता. पण कानगोष्टींच्या खेळात शेवटच्या माणसापर्यंत वाक्याचं काय होतं ते आपण जाणतो. त्यागराज १८४७ साली गेले. आज त्यांच्या नावावर जे गातात ते त्यांचंच कशावरून?
*– निवृत्त शिक्षक, सांगली*

सर, प्रश्न अडचणीचा आहे आणि योग्य आहे. तुमची शंका बळकट करणारं उदाहरण मीच देते.

आभेरी नावाचा राग आहे. आज तो ऐकलात तर तुम्ही लगेच "भीमपलास!" म्हणाल. त्यागराजांची 'नगुमोमु' ही कृती या रागातली सगळ्यांत लाडकी. गायक मुसिरी सुब्रमण्य अय्यर यांच्या आवाजात ती घराघरांत पोचली, शुद्ध धैवतासह. पण आभेरीचं जुनं रूप कोमल धैवताचं. त्यागराजांचे समकालीन रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांची याच रागातली 'वीणाभेरी' त्या कोमल धैवतानंच गातात. म्हणजे एकाच नावाचे दोन राग शेजारी शेजारी नांदताहेत. धैवत कधी सरकला आणि कुणी सरकवला, यावर चेन्नईत मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या मैफलींच्या मोसमात, सभागृहांच्या उपाहारगृहांत डोशावर डोसे संपतात. कानांनी हे केलं, यात शंका नाही. पण मजा अशी की, छापील पुस्तकं हाताशी असूनही लोकांनी नवा धैवतच गायला. कागदाला त्यांना अडवता आलं नाही. आणि खरं सांगू, मला नवाच आवडतो. शेवटी मी मराठी आहे, भीमपलास म्हटला की पाघळते.

दुसरी बाजूही ऐका. 'सगळं मौखिक होतं' ही तिकडची आवडती बढाई आहे, ती अर्धीच खरी. आपल्या तंजावरच्या भोसल्यांचंच बघा. तुळजाराजांनी (राज्यकाळ १७२८–१७३६) 'संगीतसारामृत' हा ग्रंथ संस्कृतात लिहिला, त्यात त्या काळच्या रागांची लक्षणं आहेत. त्यागराजांचे शिष्य वालाजापेट वेंकटरमण भागवतर आणि त्यांचे चिरंजीव यांनी गुरूंच्या कृती लिहून ठेवल्या. ती हस्तलिखितं मदुराईच्या सौराष्ट्र सभेत आहेत. १८९० च्या दशकात चिन्नस्वामी मुदलियार या मद्रासच्या ख्रिस्ती गृहस्थांनी त्यागराजांच्या रचना युरोपीय पद्धतीच्या पाच रेघांवर उतरवण्याचा उद्योग केला. त्यांच्याच आग्रहामुळे एट्टयपुरमचे सुब्बराम दीक्षितर आपल्या घराण्याचा ठेवा छापायला तयार झाले. हे सुब्बराम म्हणजे मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या धाकट्या भावाचे दत्तक पुत्र, तेव्हा ठेवा थेट घरातला.

तो ग्रंथ, 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी', १९०४ साली तेलुगू लिपीत निघाला, सतराशेच्या आसपास पानांचा. त्यात मी वर रडले त्या प्रत्येक अडचणीवर इलाज करण्याची धडपड आहे. स्वरांवर गमकांच्या, म्हणजे हेलकाव्यांच्या, खुणा आहेत, कंपिताला नागमोडी रेघ, घसरत जाण्याला तिरकी, अशा कितीतरी. त्याच वर्षी आपले विष्णु नारायण भातखंडे दक्षिणेत हिंडत होते आणि एट्टयपुरमला जाऊन सुब्बराम दीक्षितरांना भेटले. आपले दहा थाट दक्षिणेतल्या बहात्तर मेळांच्या, म्हणजे रागांच्या मूळ स्वरसप्तकांच्या, विचारावर पोसलेले आहेत, हे तुम्ही जाणताच. त्या भेटीत वह्या आणि कान या विषयावर काय बोलणं झालं असेल, याची मी पुष्कळदा कल्पना करते. दोघंही लिहिणारे. दोघांनाही घराण्यांच्या बंद कपाटांचा पुरता अनुभव.

आज त्या ग्रंथावरून जुनी रूपं पुन्हा उभी करणारे अभ्यासू गायक चेन्नईत आहेत. एकच पान, तीच नागमोडी रेघ. पण दोघं समोर बसले की दोन वेगळी गाणी निघतात, कारण ती रेघ किती हलवायची ते पुन्हा प्रत्येकाच्या गुरूनं कानात सांगितलेलं असतं. तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: शब्द त्यागराजांचे, ताल बहुतेक त्यांचा, चालीचा सांगाडाही बहुधा त्यांचाच. काही संगती नंतरच्यांच्या, हे तिकडचे जाणकारही मान्य करतात. आपण ज्ञानेश्वरीचे पाठभेद पाहत आलेली माणसं. आपण दचकायचं कारण नाही.

फोनमध्ये अख्खा तास रेकॉर्ड होतो. मग लिहायचं कशाला आणि लक्षात तरी ठेवायचं कशाला? लागेल तेव्हा ऐकता येतंच की.
*– वय २६, ठाणे*

तुमच्या वयाची होते तेव्हा मीही हेच म्हणत होते. फक्त माझ्याकडे कॅसेट होती.

१९८९ मध्ये माझी बदली परत मुंबईला ठरली. उरलेल्या दोन महिन्यांत मामींनी मला सहाना रागातलं एक पदम् शिकवायला घेतलं, क्षेत्रय्या या जुन्या तेलुगू पदकारांचं. पदम् म्हणजे अतिसंथ रचना, नायिकेचं बोलणं. एक शब्द सात-आठ हेलकावे घेत मात्रा ओलांडत जातो आणि हाताचा ताल वाट बघत बसतो. सहाना असा राग आहे की त्याचा आरोह-अवरोह वाचून हाती काहीही लागत नाही. आमच्याकडे वेळ थोडा होता. मामींनी टेपरेकॉर्डर लावू दिला, एरवी त्या तो चालू देत नसत. पल्लवी, म्हणजे ध्रुवपद, आणि त्यापुढची अनुपल्लवी समोर बसून घोटून झाली. चरणम्, म्हणजे शेवटचं कडवं, त्यांनी एकदाच पूर्ण गायलं, टेपमध्ये. सामान बांधायचं होतं. त्या म्हणाल्या, "स्वर सांगू? लिहून घे." मी म्हटलं, "मामी, टेपमध्ये आहे ना, मुंबईला गेल्यावर निवांत उतरवीन."

तेव्हापर्यंत माझी वही दोनशे पानांवरून पाच वह्यांवर गेली होती. वहीवरून इतकी वर्षं भांडलेली मी, आणि ज्या दिवशी मामींनी स्वतः पेन पुढे केलं त्या दिवशी नको म्हणाले.

मुंबईत घर लागायला, मुलाची शाळा मिळायला वेळ गेला. कॅसेट ऐकत होते, नाही असं नाही. ऐकताना सगळं येतंय असंच वाटायचं. हा रेकॉर्डिंगचा गुणच आहे, ऐकत असेपर्यंत आपल्याला सगळं येत असतं. चौथ्या पावसाळ्यात कॅसेटला बुरशी आली. पेन्सिलीनं फिरवून पाहिली, फित दुसऱ्या डबीत घालून आणली. अनुपल्लवीच्या शेवटापर्यंत आवाज आहे, पुढे खरखर. तोवर मामी राहिल्या नव्हत्या.

शब्द पुस्तकात मिळाले. एका जुन्या पुस्तकात त्या चरणमची स्वरलिपीही मिळाली. ती मी गाऊन पाहिली, पुष्कळदा, आता तर सहाना मला बऱ्यापैकी येतो. चरणम् गाता येतं. पण ते दुसऱ्या घरचं आहे, तिसऱ्या ओळीत मामी जिथे खाली यायच्या तिथे ते वर जातं, इतकं मला नक्की आठवतं. कुठून खाली यायच्या ते आठवत नाही. त्या दिवशी नुसते स्वर जरी लिहून घेतले असते, झोपाळे न काढता, घाईत, बोचक्यावर वही ठेवून, तरी बाकीचं माझ्या कानात होतं.

तेव्हा रेकॉर्ड जरूर करा. आणि आज रात्री, निदान शेवटच्या तासातल्या चार ओळींचे स्वर फोन न लावता लिहून बघा. जिथे पेन अडेल ते तुम्हाला येत नाही. ते पुढच्या तासाला विचारा, बाई किंवा गुरुजी जे कोणी असतील ते समोर आहेत तोवर. मी ते पदम् अजून गाते, अनुपल्लवीपर्यंत, आणि मग पल्लवीवर परत येते.